घर बांधणाऱ्या ठेकेदाराला लायसन्स लागतं का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांनी कोणाकडे कोणता कागद मागायचा

पावसाळा जवळ आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये ब्रेकर मशीनचा आवाज वाढतो. कुणी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकून घेतं, कुणी किचनची भिंत पाडून हॉल मोठा करतं, तर कुणी जुन्या बॅरेकच्या जागेवर आणखी एक मजला चढवतं. काम देताना आपण साधारण तीनच प्रश्न विचारतो. स्क्वेअर फुटाचा रेट काय, मटेरियल कोणाचं आणि किती दिवसांत होईल?

‘तुमच्याकडे लायसन्स आहे का?’ हा चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. समजा विचारला, तर उत्तर काय यायला हवं? नेमका कोणता कागद बघायचा? तेच या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी थोडक्यात उत्तर

महाराष्ट्रात खासगी घराचं काम घेणाऱ्या ठेकेदाराला, गवंड्याला, सेंट्रिंगवाल्याला, टाइल्सवाल्याला, सुताराला किंवा पेंटरला ‘याला काम येतं’ असं सांगणारा राज्य सरकारचा कोणताही सक्तीचा परवाना नाही.

परवाना लागतो तो वायरिंग करणाऱ्याला, महापालिकेच्या नळजोडणीचं काम करणाऱ्या प्लंबरला, लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीला. त्याशिवाय नकाशावर आणि स्ट्रक्चरल डिझाइनवर सही करणाऱ्या तज्ज्ञांना नोंदणी किंवा परवाना लागतो.

म्हणजे स्लॅब भरणाऱ्या हातांची कुणी परीक्षा घेत नाही. त्या हातांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कायद्याने सही करणाऱ्यावर टाकली आहे. ही सहीच नसेल, तर त्या बांधकामाची खात्री देणारं कुणीच उरत नाही.

हा प्रश्न आपल्या पट्ट्यात जास्त महत्त्वाचा का?

२८ मे २०२१ च्या रात्री उल्हासनगर कॅम्प २ मधल्या नेहरू चौक भागात साईसिद्धी इमारतीचा वरचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब घेऊन तळमजल्यापर्यंत आला. सात जणांचा जीव गेला. त्याच्या दोनच आठवडे आधी, १५ मे रोजी कॅम्प १ मधल्या मोहिनी पॅलेसमध्ये असाच अपघात झाला होता. तिथेही रहिवासी दगावले होते.

साईसिद्धी १९९४-९५ च्या सुमाराची इमारत असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्या काळातल्या बांधकामांत वापरलेल्या हलक्या प्रतीच्या रेतीची चर्चाही नंतर बरीच झाली. यातली एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. महापालिका कायद्याच्या कलम २६५अ नुसार इमारतीला ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं होतं. साईसिद्धी कोसळली तेव्हा तिला ३० वर्षं झालीच नव्हती.

उल्हासनगरची गोष्ट मुळातच वेगळी आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीच्या बॅरेकमध्ये जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पुढे कुटुंबं वाढली, बॅरेकच्या जागी मजले चढले. अनेक बांधकामं परवानगीशिवाय झाली. ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं आणि २००६ मध्ये फक्त उल्हासनगर शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला. लोखंडी गर्डरवर उभी राहणारी ‘टिअर गर्डर’ची बांधकामं तर आजही इथल्या बातम्यांमध्ये असतात.

अंबरनाथ आणि बदलापूरची अडचण थोडी निराळी. मुंबईत परवडत नाही म्हणून आलेल्या हजारो कुटुंबांनी इथे कर्ज काढून पहिलं घर घेतलं. अशा घरात पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दुरुस्ती आणि बदल होणार हे नक्की. ती कामं करणारा ठेकेदार बहुतेक वेळा ओळखीतून येतो, कागद बघून नाही.

वायरिंग: इथे कायदा सर्वांत स्पष्ट आहे

केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम सांगतात की, ग्राहकाच्या जागेत विजेचं काम फक्त राज्य सरकारचा परवाना असलेल्या वीज ठेकेदारानेच करायचं. त्यात तीन पायऱ्या आहेत:

- वीज ठेकेदार: काम घेणारा. त्याच्याकडे ठेकेदाराचा परवाना हवा.
- पर्यवेक्षक, म्हणजे सुपरवायझर: कामावर लक्ष ठेवणारा. त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्र हवं.
- तारतंत्री, म्हणजे वायरमन: प्रत्यक्ष वायर ओढणारा. त्याच्याकडे वायरमनचा परवाना हवा.

महाराष्ट्रात हे परवाने राज्याच्या ऊर्जा विभागाच्या अखत्यारीतलं अनुज्ञापक मंडळ देतं. बोलताना लोक अजूनही त्याला ‘पीडब्ल्यूडी लायसन्स’ म्हणतात, पण आज त्याचा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठेकेदार नोंदणीशी संबंध नाही.

मग बल्ब बदलायलाही परवानाधारक बोलवायचा का? नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलण्याला नियमात सूट आहे. अट एवढीच की, त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे जुना पंखा काढून नवा लावला तर हरकत नाही. पण एसीसाठी नवी लाइन ओढणं, गीझरचा पॉइंट वाढवणं किंवा पूर्ण घराचं वायरिंग नव्याने करणं ही परवानाधारकाची कामं आहेत.

महावितरणकडे नवीन जोडणीसाठी अर्ज करताना परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. इथेच एक पळवाट निघते. काम एकजण करतो आणि रिपोर्टवर शिक्का भलत्याच परवानाधारकाचा असतो. पुढे शॉर्टसर्किट झालं तर शिक्का मारणारा म्हणतो, ‘मी ते घर बघितलंच नाही.’ म्हणून ज्याच्या नावाचा रिपोर्ट आहे, त्याला एकदा तरी घरी बोलवा. अर्थिंग आणि आरसीसीबी आपल्यासमोर तपासून घ्या.

नळ, लिफ्ट आणि आग

प्लंबर: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये प्लंबरना परवाना देण्याची तरतूद आहे. घरातला गळका नळ बदलायला परवान्याचा प्रश्न येत नाही. पण पालिकेच्या वाहिनीवरून नवी जोडणी घ्यायची असेल, तर काम परवानाधारक प्लंबरकडेच द्यावं लागतं. उल्हासनगरात त्यासाठी महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग आहे. अंबरनाथ आणि बदलापूरला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, त्यामुळे तिथे चौकशी नगरपरिषदेत करण्याऐवजी प्राधिकरणाच्या कार्यालयात करा.

लिफ्ट: १९३९ चा जुना लिफ्ट कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग अधिनियम आला. लिफ्ट बसवणाऱ्या आणि तिची देखभाल करणाऱ्याला सरकारची मान्यता लागते. लिफ्टला स्वतःचाही परवाना असतो. सोसायटीने स्वस्तातला मेकॅनिक बोलावून काम भागवलं आणि अपघात झाला, तर प्रश्न कमिटीलाच विचारले जातात.

अग्निशमन यंत्रणा: २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार हे काम परवानाधारक एजन्सीलाच द्यावं लागतं. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचं असतं. तुमच्या टॉवरचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचं आहे, हे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये जरूर विचारा.

मग स्लॅब कोणाच्या भरवशावर?

उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद या तिन्ही ठिकाणी एकच बांधकाम नियमावली लागू आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेली ही एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली यूडीसीपीआर या नावाने ओळखली जाते. नकाशा कोण तयार करणार, स्ट्रक्चर कोण ठरवणार आणि देखरेख कोण करणार, याची पात्रता तिच्यात दिली आहे. त्यात आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि छोट्या बांधकामांपुरता सुपरवायझर येतो. ‘बांधकाम ठेकेदार’ त्या यादीत नाही.

प्रत्येकाची जबाबदारी वेगळी आहे:

- आर्किटेक्ट नकाशा करतो. त्याची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की, हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतो, डिझाइन करण्याच्या कामाला नाही. म्हणजे घराचा नकाशा काढणारा प्रत्येकजण आर्किटेक्ट असेलच असं नाही, पण नोंदणी नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही.
- स्ट्रक्चरल इंजिनिअर पिलर किती जाड, सळई किती, स्लॅब किती इंची हे ठरवतो. काम झाल्यावर इमारत मजबूत असल्याचं प्रमाणपत्रही तोच देतो.
- देखरेख करणारा तज्ज्ञ जोत्यापासून भोगवट्यापर्यंत काम मंजूर नकाशाप्रमाणे होतंय का ते बघतो.

लहान प्लॉटसाठी यूडीसीपीआरने प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर पालिकेच्या वेगळ्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. याचा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा सांगितला जातो, तो चुकीचा आहे. पात्र तज्ज्ञाच्या सहीने नकाशा दाखल करावाच लागतो आणि शुल्कही भरावं लागतं. पालिका कमी बघणार असल्यामुळे उलट त्या सहीची किंमत वाढली आहे.

भिंत पाडताना धोका कुठे असतो?

फ्लॅटच्या नूतनीकरणात लोक सर्वांत जास्त फसतात. ठेकेदार भिंतीवर टकटक करून सांगतो, ‘ही साधी भिंत आहे, पाडू.’ आरसीसी इमारतीत वजन पिलर आणि बीमवर असतं, त्यामुळे कधी कधी तो बरोबरही असतो. पण जुन्या लोड बेअरिंग बांधकामात भिंतच वजन पेलते. कोणती भिंत कोणत्या प्रकारातली, हे टकटक करून ठरत नाही.

आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स. तोडफोड वाचते, पण स्लॅबवर कायमचं वजन वाढतं. प्रत्येक मजल्यावर असंच होत गेलं, तर हा भार शेवटी सगळ्या इमारतीवर येतो.

दुसरी, बाथरूमची गळती. पाणी काँक्रीटमध्ये मुरलं की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला आतून तडे जातात आणि छताचे पोपडे पडू लागतात. त्यावर नुसतं प्लॅस्टर आणि पुट्टी मारली, की आजार झाकला जातो आणि आत वाढत राहतो.

तिसरी, पाइप नेण्यासाठी बीमला पाडलेलं भोक. काम अर्ध्या तासाचं असतं, पण त्यात सळई कापली गेली तर ती पुन्हा जोडणं सोपं नसतं.

अशा कामाआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलवा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने लहान असते. पिलर, बीम किंवा स्लॅबला हात लागणार असेल, तर सोसायटीची लेखी संमती आणि पालिकेची परवानगी दोन्ही घ्या.

‘गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर’ म्हणजे काय?

ही ओळ अनेक व्हिजिटिंग कार्डांवर असते. त्याचा अर्थ बहुतेकदा असा की, त्या व्यक्तीची सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदार म्हणून नोंदणी आहे. नोंदणीचे वर्ग असतात. किती रकमेपर्यंतचं सरकारी टेंडर भरता येईल, ते वर्गावरून ठरतं. त्यासाठी आर्थिक ऐपत आणि आधीच्या कामांचा अनुभव बघतात. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्थांची वेगळी नोंदणी होते.

ही नोंदणी खरी असेल तर ठेकेदार अनुभवी आहे एवढा अंदाज बांधता येतो. पण ती सरकारी कामांसाठी आहे. तुमच्या घरच्या कामावर कुणी सरकारी इंजिनिअर लक्ष ठेवणार नाही.

बाकीचे कागदही नीट ओळखा:

- जीएसटी नंबर कर भरण्यासाठी असतो.
- गुमास्ता ही दुकान किंवा आस्थापनेची नोंद आहे. कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील, तर २०१७ च्या कायद्यानुसार फक्त माहिती कळवली तरी चालते.
- उद्यम प्रमाणपत्र स्वतः दिलेल्या माहितीवर फुकट मिळतं.
- कंत्राटी कामगारांचा परवाना ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तेव्हा लागतो. तो कामगारांच्या संख्येशी संबंधित आहे, कौशल्याशी नाही.

हे सगळे कागद असणं चांगलंच आहे. त्यामुळे माणूस कुठे सापडेल हे कळतं. त्याला प्लंब लाइन धरता येते का, हे मात्र त्यातून कळत नाही.

विकणाऱ्याची परीक्षा होते, बांधणाऱ्याची नाही

महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प तिथे नोंदवावा लागतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. फ्लॅट विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते आणि २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली.

म्हणजे तुम्हाला फ्लॅट दाखवणारा एजंट परीक्षा देऊन आलेला असतो. त्याच फ्लॅटचा स्लॅब भरणाऱ्या मुकादमाला तशी कोणतीही परीक्षा नाही.

महारेरा नंबर दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घर घेणारी कुटुंबं मात्र हप्ते भरत राहिली. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक पालिकेच्या नगररचना विभागातही तपासा.

मग सगळ्यांनाच लायसन्स सक्तीचं का करत नाहीत?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचं बांधकामाचं काम घ्यायला राज्याचं लायसन्स लागतं. नंबर वेबसाइटवर टाकला की ठेकेदाराविरुद्ध झालेली कारवाईही दिसते.

आपल्याकडे तसंच केलं तर? सकाळी नाक्यावर उभे राहणारे बहुतेक गवंडी उस्तादाच्या हाताखाली काम शिकले आहेत. कागद नसला तरी त्यांच्या हातात कसब आहे. उद्या अचानक परवाना सक्तीचा झाला, तर सर्वांत आधी रोजगार त्यांचा जाईल आणि परवान्याच्या नावाखाली एजंटांचा नवा धंदा सुरू होईल, ही भीती खोटी नाही.

मधला रस्ता आहे. उल्हासनगर आणि अंबरनाथ दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. आधीच काम येणाऱ्या कारागिराची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांमध्ये आहे. सुरुवात सगळ्या कारागिरांपासून न करता, स्लॅब, पिलर आणि बीमचं काम घेणाऱ्या ठेकेदारापासून करता येईल. जिथे चूक झाली तर माणसं मरतात, तिथे तरी जबाबदार माणसाचं नाव नोंदलेलं असावं, ही मागणी अवास्तव नाही.

काम देण्याआधी एवढं करा

१. वायरिंगसाठी ठेकेदाराचा परवाना बघा. क्रमांक आणि मुदत यांचा फोटो काढून ठेवा.

२. पिलर, बीम, स्लॅब किंवा भिंत पाडण्याचा प्रश्न असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत लेखी घ्या. तो महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे नोंदलेला आहे ना, हे विचारा.

३. साधा का होईना, लेखी करार करा. त्यात ठेकेदाराचं नाव, पत्ता, कामाची यादी, सिमेंट-सळईचा ब्रँड, मुदत आणि गळती परत झाली तर किती वर्षं मोफत दुरुस्ती, हे सगळं लिहा.

४. पैसे टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. शेवटचा हप्ता वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी झाल्यावरच द्या.

५. प्लॅस्टर होण्याआधी सळई, पाइप आणि वायरिंगचे फोटो काढा. नंतर ते दिसणार नाही.

६. ठेकेदाराने आधी केलेलं एखादं काम बघा. नवं नको, दोन पावसाळे काढलेलं बघा.

काम बिघडलं तर?

पैसे देऊन करून घेतलेलं बांधकाम ही ग्राहक कायद्यानुसार सेवा आहे. त्यामुळे ठेकेदाराकडे परवाना नसला तरी त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे पहिला प्रश्न पुराव्याचा येईल, आणि तेव्हा करार, यूपीआयच्या नोंदी आणि फोटोच कामाला येतील.

छताचे पोपडे पडत असतील, बीमला लांब तडा दिसत असेल, दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्या असतील, तर ३० वर्षं पूर्ण होण्याची वाट बघू नका. इमारत किती जुनी आहे एवढ्यावरच धोका ठरत नाही. सोसायटीने आजच पालिकेकडून स्ट्रक्चरल इंजिनिअरची यादी मागवावी, आणि पावसाळ्याआधी ऑडिट करून घ्यावं.